सरपण फोडावे कसे आणि रचावे कसे : घर उबदार ठेवण्यासाठी पहिल्यांदाच लाकूड साठवणाऱ्यांसाठी

लाकूड ओले असल्याचे नवख्या माणसाला बहुधा शेगडी पेटवल्यानंतरच कळते. निखाऱ्यांवर ठेवलेल्या तुकड्याच्या कापलेल्या टोकावर बारीक बुडबुडे फुटू लागतात, पिवळसर फेस जमतो, सूं सूं असा आवाज येत राहतो, ज्वाळा सालीला चाटून मागे हटते आणि शेगडीच्या काचेवर तपकिरी ओघळ उतरतात. त्या क्षणी करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते, कारण जी चूक झाली ती वर्षभरापूर्वीची असते. माझा स्वतःचा पहिला हिवाळा असाच गेला. लाकूड भरपूर होते, परंतु ते हिवाळ्याच्या तोंडावर फोडून ताडपत्रीखाली घट्ट गुंडाळून ठेवलेले होते आणि पूर्ण मोसमभर त्यातून उबेपेक्षा धूरच अधिक निघाला. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी, मग ती लांबी ठरवण्याची असो, फोडण्याची असो वा थप्पी लावण्याची, लाकडातले पाणी बाहेर कसे काढावे याच एका प्रश्नाकडे पाहून सांगितलेली आहे.

लाकडातील पाण्याचा हिशेब

नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या लाकडात बहुतेक वेळा निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असते. झाडाच्या जातीनुसार ते काहीसे कमी किंवा अधिक भरते. जाळण्यायोग्य लाकडात हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली आलेले असावे लागते. हिशेब असा की, 10 किलो वजनाच्या ओल्या ओंडक्यात 5 किलो पाणी आणि 5 किलो कोरडे लाकूड असेल, तर ओलावा 20 टक्क्यांवर येईपर्यंत त्याचे वजन सव्वासहा किलो झालेले असते. म्हणजे पावणेचार किलो पाणी वारा आणि ऊन यांनी फुकट वाहून नेलेले असते. तेच काम शेगडीकडून करून घेतले, तर लाकडातील साधारण दहावा हिस्सा उष्णता केवळ वाफ करण्यात खर्च होते.

दहावा हिस्सा ऐकून काहींना हे नुकसान किरकोळ वाटेल, परंतु खरे नुकसान त्याच्या पुढचे आहे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि लाकडाच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग या वायूंच्या जळण्यातूनच मिळतो. पाण्याच्या वाफेने ज्वाळेचे तापमान उतरले की हे वायू न जळताच धुराड्यात शिरतात, थंड भिंतींवर साकळतात आणि तिथे डांबरासारखा काळा, चिकट थर धरतो. हा थर पुढे कधीतरी पेट घेतो आणि धुराड्यात लागलेली आग छपरापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. ओले लाकूड जाळणे उधळपट्टीचे तर आहेच, पण त्याहून अधिक ते धोक्याचे आहे.

सुरुवात केव्हा करावी आणि तुकडे किती लांब ठेवावेत

पाइनसारखे हलके, सुईपर्णी लाकूड चांगले ऊन-वारे मिळाल्यास एका उन्हाळ्यात वाळू शकते; ओकसारख्या जड लाकडाला दोन वर्षेही लागतात. त्यामुळे येत्या हिवाळ्याचे लाकूड मागच्या हिवाळ्याच्या शेवटी, फार तर वसंताच्या सुरुवातीला फोडून रचलेले असावे, असा नियम धरून चालावे. जड लाकूड भरपूर मिळत असेल, तर दोन वर्षांचा साठा एकाआड एक ठेवण्याची सवय लावून घेणे उत्तम. किलोमागे उष्णता जवळपास सर्वच लाकडांत सारखी असते. फरक पडतो तो आकारमानात. जड लाकूड त्याच जागेत अधिक मावते आणि निखारा अधिक काळ धरते, हलके लाकूड चटकन पेटते. दोन्ही हाताशी असावीत.

तुकड्यांची लांबी शेगडीच्या आतल्या खोलीपेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर कमी ठेवावी. बहुतेक घरगुती शेगड्यांना 30 ते 40 सेंटिमीटर लांबी चालते, तरीही कापण्यापूर्वी आपली शेगडी प्रत्यक्ष मोजून घ्यावी, कारण दार न लागणारा तुकडा हिवाळ्यातल्या रात्री पुन्हा कापत बसणे फार जिवावर येते. एका मापाची काठी तोडून ओंडक्यावर तिने खुणा करत जाणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. लांबी सारखी असण्याचा दुसरा लाभ थप्पी लावताना कळतो. शिवाय झाडात पाणी उभ्या नलिकांमधून वाहत असते आणि लाकूड वाळतानाही ते कापलेल्या टोकांमधून कडेच्या मानाने कितीतरी पट वेगाने बाहेर पडते. आखूड तुकडा त्यामुळेच लवकर वाळतो. चेनसॉ चालवणे हे स्वतंत्र आणि जोखमीचे कौशल्य आहे. ते जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय हाती घेऊ नये आणि तोवर ओंडके कापूनच आणावेत.

हत्यारे

झाड तोडण्याची कुऱ्हाड आणि लाकूड फोडण्याची कुऱ्हाड या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिलीचे पाते पातळ असते, कारण तिला रेषा आडव्या छेदायच्या असतात. ती उभ्या ओंडक्यावर मारली तर खोल रुतते आणि तिथेच अडकून बसते. फोडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते पाचरीसारखे जाड होत जाते आणि रेषा तोडण्याऐवजी त्यांना एकमेकींपासून दूर सारते. नवख्याने अडीच ते तीन किलोंच्या आसपास डोके असलेली आणि स्वतःच्या उंचीला साजेल अशा लांब दांड्याची कुऱ्हाड घ्यावी. साडेतीन किलोंची कुऱ्हाड दुकानात उचलताना भक्कम वाटते, परंतु अर्ध्या तासानंतर हात थकतात, नेम चुकू लागतो आणि बहुतेक इजा त्याच वेळी होतात. धार वस्तऱ्यासारखी नको, पण बोथटही नको. बोथट पाते लाकडावरून उसळते.

याखेरीज दोन लोखंडी पाचरी आणि एक घण लागतो. पाचर ठोकण्यासाठी कुऱ्हाडीची पाठ वापरण्याचा मोह होतो, तो आवरावा. पातळ कुऱ्हाडीच्या डोक्यातले दांडा बसवायचे भोक त्या मारामुळे फाकते आणि डोके सैल होते. पाचरीचा माथा ठोकून ठोकून छत्रीसारखा पसरला असेल, तर ती कड घासून काढावी, कारण तिचे कण गोळीसारखे उडतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, पायात जाड आणि पुढे कडक असलेले बूट आणि अंगात पूर्ण लांबीची पँट ही तयारी रोज असावी, अगदी दोनच तुकडे फोडायचे असले तरीही. दररोज काम सुरू करण्यापूर्वी कुऱ्हाडीचे डोके धरून हलवून पाहावे. ते किंचितही सैल वाटले तर पाचर ठोकून बसवावे किंवा दांडा बदलावा. पाण्यात बुडवून फुगवलेला दांडा वाळल्यावर पुन्हा सैल होतो.

फोडणे

जमीन सपाट आणि कोरडी असावी, डोक्यावर फांदी किंवा दोरी नसावी आणि चारी बाजूंना काही मीटरपर्यंत कोणीही, विशेषतः लहान मुले व जनावरे, नसावीत. मध्यभागी फोडायचा ठोकळा ठेवावा. रुंद, गाठाळ बुडख्याचा, गुडघ्याच्या किंचित खाली येईल इतक्या उंचीचा ठोकळा सोयीचा असतो. दगडावर किंवा उघड्या जमिनीवर लाकूड फोडल्यास धार जाते आणि हुकलेले पाते पायाकडे सरकते.

आता कुऱ्हाड उचलण्यापूर्वी ओंडक्याकडे नीट पाहावे. हे पाहणेच अर्धे काम आहे. कापलेल्या तोंडावर वर्तुळे दिसतात आणि मध्यापासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक भेगा गेलेल्या दिसतात. ओंडका काही आठवडे पडून असेल तर या भेगा नखाने जाणवतील इतक्या उघडलेल्या असतात. लाकूड कुठून फाटायला तयार आहे हे त्या भेगाच सांगतात. त्यांपैकी सर्वांत मोठी भेग निवडून पाते तिच्याच रेषेत पडेल अशा रीतीने ओंडका फिरवून ठेवावा. नंतर बाजूने पाहून गाठी शोधाव्यात. सालीवर डोळ्यासारखी वलये असलेल्या ठिकाणी पूर्वी फांदी होती आणि त्या फांदीचे मूळ लाकडात आडवे शिरलेले आहे. गाठीवर मारलेला फटका वाया जातो. गाठ खालच्या बाजूला येईल असा ओंडका उलटा करावा आणि भेगेची रेषा तिच्या कडेने जाईल असे पाहावे.

ओंडका ठोकळ्याच्या मध्यावर न ठेवता पलीकडच्या कडेजवळ ठेवावा. फटका हुकला तर कुऱ्हाड अलीकडच्या ठोकळ्यात रुतून थांबते, नडगीपर्यंत येत नाही. पाय खांद्यांइतके फाकवून, दोन्ही पाय एका रेषेत ठेवून समोरासमोर उभे राहावे. हात सरळ करून पाते ओंडक्यावर टेकवून पाहावे आणि त्यावरून अंतर ठरवावे. एक हात दांड्याच्या टोकाला पक्का राहतो, दुसरा डोक्याजवळून सुरू होतो आणि कुऱ्हाड खाली येताना सरकत पहिल्या हाताला जाऊन मिळतो. कुऱ्हाड डोक्यावर सरळ न्यावी. खांद्यावरून तिरकी फिरवलेली कुऱ्हाड तिरकीच उतरते. नजर शेवटपर्यंत भेगेवर ठेवावी आणि मनात नेम मात्र ओंडक्याच्या माथ्याचा न धरता खालच्या ठोकळ्याचा धरावा, म्हणजे फटक्याचा जोर अर्ध्यात आटोपत नाही. पाते लाकडाला भिडण्याच्या क्षणी गुडघे आणि कंबर वाकवून शरीर खाली न्यावे, जेणेकरून दांडा जमिनीला समांतर राहील. सरळ पायांनी मारलेल्या फटक्यात कुऱ्हाड वर्तुळात फिरत पायांकडे येते. लाकूडफोडीत टाळण्याजोगी सर्वांत गंभीर चूक हीच आहे.

जोराची चिंता करू नये. जड डोके उंचावरून योग्य जागी पडले की त्याचे वजनच काम करते. चांगल्या फटक्याचा आवाज कोरडा आणि मोकळा असतो, दोन्ही भाग ठोकळ्याच्या दोन बाजूंना पडतात आणि आत पांढरे, ओलसर, ताज्या वासाचे लाकूड दिसते. फटका बसूनही ओंडका फुटला नाही तर आवाज ऐकावा. आवाज बद्द येत असेल तर दिशा बदलावी. दर फटक्यागणिक आवाज किंचित खोल आणि पोकळ होत असेल तर आत चीर पुढे सरकते आहे आणि त्याच रेषेत आणखी दोन-तीन फटके पुरतील.

चाळीस सेंटिमीटरपेक्षा रुंद ओंडक्याच्या मध्यावर घाव घालत बसण्यात शक्ती वाया जाते. अशा ओंडक्याच्या कडेपासून, सालीच्या आत आठ-दहा सेंटिमीटरवर, वर्तुळांना समांतर घाव घालून फळीसारखे तुकडे उतरवत यावे आणि शेवटी राहिलेला चौकोनी गाभा दोन भागांत फोडावा. हट्टी ओंडक्याला पाचर लागते. ती भेगेत बसवून घणाच्या हलक्या टोल्यांनी दोन सेंटिमीटर रुतू द्यावी, ती स्वतःहून उभी राहू लागली की हात काढून घ्यावा आणि मगच जोराने ठोकावे. कुऱ्हाड अडकली तर दांडा बाजूंना हिसडू नये, तो मोडतो. पात्याच्या रेषेतच वर-खाली हलवून ती सोडवावी किंवा शेजारी पाचर ठोकून चीर मोकळी करावी. दोन फांद्या फुटल्या त्या ठिकाणचे दुबेळके तुकडे, जिथे रेषा एकमेकींत गुंफलेल्या असतात, ते नवख्याने बाजूलाच काढून ठेवावेत. शेगडीत मावत असतील तर न फोडताच त्यांना जास्त काळ वाळवावे.

बहुतेक जातींचे लाकूड ताजे असतानाच सहज फुटते. एल्मसारख्या चिवट, तंतुमय लाकडाला मात्र थोडे वाळू दिलेले बरे, आणि कडाक्याच्या थंडीत गोठलेला ओंडका तर काचेसारखा फुटतो. लहान ओंडके सारखे घरंगळत असतील, तर ठोकळ्यावर एक जुना टायर खिळ्यांनी पक्का करून त्यात ते उभे करावेत. फुटलेले तुकडे आतच राहतात आणि प्रत्येक वेळी वाकावे लागत नाही. कंबरेसाठी ही युक्ती मला सर्व हत्यारांपेक्षा मोलाची वाटते.

तुकड्यांची जाडी आठ ते पंधरा सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवावी. मनगटाएवढे बारीक फाटेही न फोडता नीट वाळत नाहीत, कारण साल पाणी अडवून धरते. त्यांना निदान एका बाजूने तरी चिरून उघडे करावे. पेटवणासाठी सरळ, बिनगाठीच्या लाकडाच्या अंगठ्याएवढ्या काटक्या निराळ्या कराव्यात.

थप्पी

अंगणात टाकलेला ढीग बाहेरून वाळतो आणि आतून बुरसतो. लाकूड रचायचे ते वाऱ्यासाठी, जागा वाचवण्यासाठी नव्हे, हे मनात पक्के असले की पुढचे नियम लक्षात ठेवावे लागत नाहीत. वारा जिथे वाहता आहे आणि दिवसाचा बराच काळ ऊन पडते अशी उघडी जागा निवडावी. ती घराच्या भिंतीला लागून नसावी, कारण वाळवी आणि उंदीर थप्पीतून घरात येतात आणि वाळलेल्या लाकडाला आग लागली तर ती भिंतीला भिडते. फक्त थोड्या दिवसांचे लाकूड घराजवळ आणावे.

खाली दोन लांब वासे किंवा लाकडी पॅलेट टाकून थप्पी जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर उचलावी. पाया भक्कम असणे किती आवश्यक आहे, हे वजनावरून समजते. चार मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि चाळीस सेंटिमीटर रुंद अशी एकेरी रांग दिसायला साधी दिसते, परंतु ओल्या लाकडाची असेल तर तिचे वजन एक टनाच्या पुढे जाते. मऊ मातीत वासा एका टोकाला खचला की सारी रांग त्या दिशेने झुकते.

दोन्ही टोकांना खांब ठोकावेत किंवा टोकांवर तुकड्यांची चौकट रचावी : दोन तुकडे एका दिशेने, त्यांवर दोन आडवे, पुन्हा दोन उभे. या चौकटीसाठी सरळ आणि सपाट तुकडे आधीच वेगळे काढावेत, कारण साऱ्या थप्पीचा भार त्याच पेलतात. मधले तुकडे कापलेली तोंडे बाहेर येतील असे आडवे मांडावेत आणि प्रत्येक तुकडा हाताने दाबून पाहावा; डुलत असेल तर फिरवून बसवावा. तुकड्यांमध्ये उंदीर जाऊ शकेल एवढी फट राहिली तरी चालेल, अति घट्ट बसवण्याचा सोस नको. दोन रांगा लागोपाठ लावायच्या असतील तर त्यांच्यामध्ये हातभर अंतर सोडावे. उंची सव्वा मीटरपुरती मर्यादित ठेवावी. लाकूड वाळताना आकसते, थप्पी काही सेंटिमीटर खाली बसते आणि उन्हाची बाजू आधी आकसल्यामुळे रांग हळूहळू त्या बाजूला कलते. म्हणून रचतानाच ती दोन्ही बाजूंनी ओळंब्यात असावी आणि महिन्यातून एकदा टोकाकडून डोळा लावून पाहावी. पोट सुटू लागलेल्या थप्पीला तिरका टेकू द्यावा. ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न केला तर ती अंगावर येऊ शकते.

झाकण फक्त वरून असावे. पत्रा, जुनी फळी किंवा ताडपत्रीची पट्टी थप्पीच्या माथ्यावर किंचित उतार देऊन बांधावी आणि ती कडेने हातभरापेक्षा खाली लोंबू देऊ नये. संपूर्ण थप्पी गुंडाळल्यास लाकडातून निघालेली वाफ आतच साकळते आणि पांढरी बुरशी धरते. साल वर ठेवावी की खाली यावर अनुभवी माणसांचेही एकमत नाही. माझ्या मते झाकण असलेल्या थप्पीत त्याने काही बिघडत नाही. झाकण नसेल तर सर्वांत वरच्या थरात साल वर ठेवावी. प्रत्येक रांगेच्या टोकाला फोडल्याचा महिना आणि वर्ष लिहिलेली पट्टी ठोकून ठेवावी. आज हे अनावश्यक वाटेल, परंतु दोन वर्षांनी राखाडी पडलेल्या तीन सारख्या रांगांसमोर उभे राहिल्यावर तीच पट्टी कामाला येते.

लाकूड वाळले का, हे कसे ओळखावे

वाळलेला तुकडा हातात घेताच हलका लागतो, टोकांवर आऱ्यांसारख्या भेगा उघडलेल्या असतात, साल बोटाने सुटते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणक, खणखणीत आवाज येतो. ओल्या तुकड्यांचा आवाज बद्द असतो. रंगावर मात्र भरवसा ठेवू नये, कारण पाऊस आणि ऊन लागलेले लाकूड आत ओले असतानाही बाहेरून राखाडी होते. ओलावामापक मीटर वापरायचा असेल तर तुकडा नव्याने फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागाच्या मध्यावर सुया टोचाव्यात. बाहेरून किंवा टोकावर घेतलेले माप फसवे असते. मीटर नसेल तर थप्पीच्या मधले तीन-चार तुकडे निवडून त्यांवर खूण करावी आणि दर महिन्याला त्यांचे वजन एका वहीत लिहावे. कोरड्या हवेतही दोन-तीन महिने वजन उतरेनासे झाले की भोवतालची हवा जेवढे वाळवू शकते तेवढे ते वाळलेले आहे.

घरात आणताना

एका वेळी दोन-तीन दिवसांचेच लाकूड आत आणावे, कारण उबेने सालीखालचे भुंगेरे जागे होतात. हे लाकूड शेगडीला खेटून ठेवू नये. रंगवलेले, औषध मारलेले लाकूड, प्लायवुड आणि समुद्रातून वाहून आलेले खारट ओंडके कधीही जाळू नयेत. कण्हेरीचे लाकूडही नको, तिचा धूरसुद्धा विषारी असतो. धुराडे दरवर्षी मोसमाआधी साफ करून घ्यावे आणि ज्या घरात शेगडी पेटते तिथे कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असावे, कारण या वायूला वास नसतो. राखेत निखारे अनेक तास, कधी दिवसेंदिवस जिवंत राहतात. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर, थप्पीपासून दूर, फरशीवर किंवा उघड्या जमिनीवर ठेवावी.

सर्वांत जुन्या रांगेपासून लाकूड काढायला सुरुवात करावी आणि ती एका टोकाकडून संपवत जावे, मधून ओढू नये. रांग संपली की वासे उचलून खालचा सालीचा चुरा झाडून काढावा, वाळवीची माती दिसली तर वासा बदलावा आणि जागा चार दिवस उन्हात उघडी ठेवून पुढच्या रांगेचे पहिले, सर्वांत जाड तुकडे तिथे मांडायला घ्यावेत.